केळीला आवतण

भाद्रपद शुद्ध षष्ठी. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अल्मोड्याजवळच्या रिठाखोला गावची खिमुली देवी आपल्या केळीच्या बेटात वाकून गोगलगाई वेचत होती. डाव्या हातात पत्र्याचा डबा, डब्यात चुलीतली राख. गोगलगाय बुंध्यावरून सोडवायची, राखेत टाकायची, बुंधा ओल्या फडक्यानं पुसायचा आणि पुढच्या बुंध्याकडे वळायचं. एकतीस झाल्या होत्या. पाऊस थांबला होता, पानांवर साचलेलं पाणी तेवढं मानेवर ठिबकत होतं.

"दिदी, आज आवतण देवीला द्यायचंय की गोगलगाईंना?"

आवाज गडग्यापलीकडून आला. ही भागा, खिमुलीची धाकटी जाऊ. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा या शेताच्या मधोमध गुडघाभर उंचीचा दगडी गडगा पडला. त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून भागाचं बोलणं गडग्यावरून येतं, आणि बहुधा सकाळीच येतं.

"तुझ्याकडच्या वेचल्यास का?" खिमुलीनं मान वर न करता विचारलं.

"आमच्याकडं येत नाहीत. आमच्या केळी कडू. घरच्या माणसांवर गेल्यात."

"हे मात्र खरं बोललीस."

भागानं बॅटरीचा झोत गडग्यावरून अलीकडं टाकला. तो खिमुलीच्या चार केळींवरून फिरला आणि मधल्या केळीवर थांबला. चौघींत तीच सगळ्यात सरळ, सगळ्यात जाड. बुंध्याला लाल धागा.

"हिला श्रावणापासून नवा पोगा नाही फुटला," भागा म्हणाली. "दुखणं काय आहे हिचं?"

"वय झालं. तुझ्यासारखंच."

"वय झालं तर घड यायला हवा, दिदी. मला तीन आले."

बॅटरी विझली. भागा गोठ्याकडं निघून गेली. खिमुलीनं डबा खाली ठेवला आणि मधल्या केळीच्या शेंड्याकडं पाहिलं. आकाश जेमतेम राखाडी झालं होतं, पण पाहायला उजेड लागत नव्हता. धडधाकट केळीच्या शेंड्यातून दर आठ-दहा दिवसांनी गुंडाळलेलं कोवळं पान वर येतं. या केळीतून सव्वीस दिवसांत काही आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. याचं कारण रिठाखोल्यात एकट्या खिमुलीला ठाऊक होतं. आतापर्यंत तरी तिची तशी समजूत होती.

नंदाष्टमीच्या जत्रेत अल्मोड्याला ज्या दोघी बहिणी बसतात, नंदा आणि सुनंदा, त्यांची अंगं केळीच्या खोडाची असतात. दरसाल नवी खोडं, दरसाल वेगळं गाव. षष्ठीला पुरोहित त्या गावी जाऊन केळींना आवतण देतात, चंदन लावतात, अक्षता टाकतात. जी केळ आधी हलते ती नंदा, दुसरी सुनंदा, आणखी दोन हातपाय घडवायला लागतात. सप्तमीच्या सकाळी ती कापतात आणि ढोल वाजवत शहरात नेतात. नियम थोडेच आहेत, पण एक सगळ्यांना पाठ आहे: केळ न व्यालेली हवी. जिला एकदा केळफूल आलं तिचं खोड चालत नाही.

आषाढ संपता संपता जत्रेच्या कमिटीची माणसं आली होती. त्यांनी गावातली बेटं पाहिली आणि सात केळींना धागे बांधले. चार खिमुलीच्या, तीन भागाच्या. मधल्या केळीपाशी त्यातल्या एकानं दोन्ही पंजांनी खोडाला वेढा घातला आणि त्याची बोटं एकमेकांना टेकली नाहीत. "ही नंदा," तो नुसता बोलून गेला. माणूस विसरला असेल. खिमुली विसरली नाही.

खिमुली आता एकसष्ट वर्षांची आहे. सतराव्या वर्षी कोसी नदीपलीकडच्या गावातून लग्न होऊन इथं आली. नवरा डुंगर सिंह रस्त्याच्या गँगवर होता. दरड कोसळली की आधी त्याला बोलावणं यायचं. तो दरडीनं गेला नाही, काविळीनं गेला, अकरा वर्षांपूर्वी. गावच्या प्राथमिक शाळेत ती दुपारचं जेवण रांधते. तेवीस मुलं आहेत. ती कामाला लागली तेव्हा एक्क्याण्णव होती. तिला चार मुलगे. एक हल्द्वानीत टायरच्या दुकानात, एक रुद्रपूरच्या कारखान्यात, एक दिल्लीत, एक पलटणीत. चौघंही चांगले निघाले, वेळेवर फोन करतात. मुलगी नाही.

खाली सपाट मुलखात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. डोंगरात येतं. इथं नंदा ही आधी लेक आहे, देवी नंतर. हिमालयात सासर, खाली आमच्याकडं माहेर. भाद्रपदात ती चार दिवस येते आणि जाते, म्हणून त्याच दिवसांत घरोघरच्या लेकीही येतात आणि जातात. जाताना उंबऱ्यात पाट मांडायचा, लेकीच्या कपाळाला पिठ्या लावायचा, लाल, ओला टिळा, नाकापासून केसांपर्यंत ओढलेला. पदरात तांदूळ, काकडी, दही घालायचं, आणि ती वळणाआड होईपर्यंत दारात उभं राहायचं. पाणवठ्यावर बायकांचं अर्धं बोलणं याचंच. कुणाची लेक किती रडली, कुणाची अजिबात रडली नाही, आणि कुणाची जावयाच्या मोटारसायकलवर बसून आईला टाटा करत गेली. खिमुली हे चव्वेचाळीस वर्षं ऐकत आली. तिचे मुलगे निघतात तेव्हा ती त्यांनाही पिठ्या लावते, पण त्यांना गाडी गाठायची असते. धाकटा तर रस्त्याला लागण्याआधीच पुसून टाकतो.

ज्या घरची केळ नंदा ठरते, त्या घरची बाई सप्तमीला केळीची अशीच पाठवणी करते. पाट, पिठ्या, दही, सगळं. नंतर सगळं गाव त्या खोडामागं चालतं.

एकोणीस वर्षांपूर्वी रिठाखोल्याची पाळी आली होती. षष्ठीच्या दोन दिवस आधी रानडुकरांनी खिमुलीचं बेट उकरून आडवं केलं. पाठवणी दुसऱ्याच घरून झाली आणि खिमुली गर्दीत कुणाची तरी छत्री धरून उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात तिनं उरलेल्या एका गड्ड्यापासून बेट पुन्हा लावलं. त्याला शेण घातलं, काटेरी कुंपण घातलं, भांडी घासलेलं पाणी घातलं. डुंगर सिंह म्हणायचा, "तुझ्या पोरांना एवढं दूध मिळालं असतं तर चौघंही पलटणीत गेले असते."

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी ती बेटात गेली, आणि मधल्या केळीच्या शेंड्यातून जांभळं टोक बाहेर आलेलं दिसलं. मुठीएवढं केळफूल. ती तिथंच दगडावर बसली. तासभर बसली असेल. मग उठून तिनं कोयता काठीला बांधला, केळफूल देठासकट उतरवलं आणि म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं सगळा पुरावा खाल्ला.

पण केळीच्या बाबतीत सगळा पुरावा म्हशीला घालता येत नाही. न व्यालेल्या केळीचं खोड म्हणजे नुसती सोपटं, एकात एक बसलेली, कांद्यासारखी. केळफूल यायचं असतं तेव्हा मधून पांढरा, घट्ट, मनगटाएवढा दांडा वर चढतो. फूल कापता येतं, दांडा काढता येत नाही. सप्तमीला कोयता बसला की तो दांडा साऱ्या गावाला दिसणार, आणि तोवर आवतण झालेलं असणार. आवतण दिलेल्या देवीला नको म्हणता येत नाही. हे सगळं खिमुलीला कोयता काठीला बांधण्याआधीही माहीत होतं. सव्वीस दिवस ती मनात एवढंच घोळवत होती: केळ हललीच नाही तर प्रश्न नाही, आणि हलली तर... इथं ती दरवेळी थांबायची आणि काहीतरी काम काढायची. गोगलगाई त्यातल्याच.

आणि केळ हलते हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. नऊ वर्षांची असताना, माहेरी. वडिलांच्या खांद्यावर बसून. म्हाताऱ्या पुरोहितांनी मूठभर तांदूळ टाकले, आणि शेजारच्या केळी भिंतीसारख्या उभ्या असताना एकच केळ थरथरली, जशी म्हैस माशी बसल्यावर कातडी थरथरवते तशी. वडिलांचे खांदे तिच्या मांड्यांखाली ताठ झाले. त्यांना भीती वाटते हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या गोष्टीला तिच्याकडं आजही शब्द नाही. मुलांना सांगताना ती म्हणते, "हलली," आणि पुढं काही बोलत नाही.

मंडळी दुपारी सव्वाचारला आली. पुढं ढोल आणि दमाऊ, मागं गावचा प्रधान हयात सिंह, लाल आणि पांढरं निशाण धरलेली दोन माणसं, मग पिवळे पिछौडे पांघरलेल्या बायका, पन्नास-साठ. भागाच्या तिन्ही लेकी होत्या. मध्ये केवलानंद लोहनी. वय बहात्तर, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा, हातात तांब्याचं ताट. चाळीस वर्षं तेच हे आवतण देत आले आहेत.

"बोल ब्वारी, तयारी?" त्यांनी खिमुलीला विचारलं. गावातल्या सगळ्याच सुनांना ते याच नावानं हाक मारतात. साठीतल्या सुनाही त्याला ओ देतात.

"तयारी आहे, पंडितज्यू."

"तोंड का उतरलंय?"

"उपास आहे."

"पहाटेपासून गोगलगाई वेचतेय," भागा मागून म्हणाली. "त्यांचा शाप लागला असेल."

लोहनींनी सातही केळींची पूजा केली. सावकाश. चंदन, फूल, धूप. मग उदबत्त्यांचा एक जुडगा बेटाच्या मधोमध मातीत रोवला आणि हात मागं बांधून थांबले. ही त्यांची स्वतःची पद्धत. धूर वाकडा जात असेल तर ते तांदळाला हात लावत नाहीत. एकदा म्हणे त्यांनी दीड तास वाट पाहिली होती. आज थोड्याच वेळात धूर काठीसारखा सरळ उभा राहिला. ढोल थांबला. खालच्या ओढ्याचा आवाज तेवढा उरला.

त्यांनी काहीतरी पुटपुटत पहिली मूठ टाकली. तांदूळ सोपटांवर, पानांवर, मातीत पडले.

मधली केळ हलली.

आधी शेंड्याकडचं जुनं पान, मग त्याच्या खालचं, मग सगळं खोड, वरून खाली, एकदाच. पानांवरचं पाणी एका सरीसारखं खाली आलं. बाजूच्या दोन केळी हातभर अंतरावर होत्या. त्यांच्या पानांवरचा एक थेंब सुटला नाही. मग एका म्हातारीनं हात जोडून कपाळ जमिनीला टेकवलं आणि बाकीच्या तिच्यामागं वाकल्या. ढोल्यानं काठी उचलली.

"थांब," खिमुली म्हणाली.

तिला स्वतःलाच तो आवाज कुठून आला ते कळलं नाही. ढोल्याची काठी वरच राहिली. खिमुली दोन पावलं पुढं आली आणि लोहनींच्या पायांकडं बघत बोलली.

"पंडितज्यू, ही नाही. हिला केळफूल आलं होतं. मी कापलं."

लोहनींनी ताट डाव्या हातात घेतलं.

"कधी?"

"श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी."

"का?"

"मला मुलगी नाही," खिमुली म्हणाली.

हयात सिंहनं कपाळावर हात मारून घेतला. "काकी, सव्वा महिना मी कमिटीच्या खेपा घालतोय. आधी नाही सांगता आलं? आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"मी म्हटलंच होतं," भागा म्हणाली. "पोगा नाही म्हणून."

लोहनी तिच्याकडं वळले. "कुणाला म्हटलं होतंस?"

"हिलाच."

"तुला माहीत होतं?"

"केळफूल गोठ्यात पडलेलं पाहिलं होतं. म्हशीनं तोंड घालायच्या आधी."

"मग मला का नाही सांगितलंस? याला?" त्यांनी हयात सिंहकडं हनुवटी केली.

भागानं पिछौडा डोक्यावर नीट केला. "घरातलं भांडण आहे, पंडितज्यू. ते गडग्यापर्यंतच."

खिमुलीनं मान वर करून जावेकडं पाहिलं. सव्वीस दिवस रोज सकाळी टोमणे मारणारं ते तोंड आणि त्यातून न निघालेलं एक वाक्य, हे दोन्ही तिला एकाच वेळी दिसलं, आणि आपण हिला तीस वर्षं नीट ओळखलंच नाही की काय अशी शंका आली.

लोहनी मधल्या केळीपाशी गेले. खोडावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले, वैद्य नाडी बघतो तसे. मग लाल धागा सोडला आणि स्वतःच्या मनगटाला गुंडाळला.

"हलली ती मी पाहिली," ते म्हणाले. "तुम्हीही पाहिलीत. ते खोटं नाही. तिनं हाक मारली. कुणाला मारली ते आता कळलं. या ब्वारीला."

"म्हणजे हीच न्यायची?" हयात सिंहनं विचारलं.

"नाही. नियम नियम आहे. हिला कुणी कापायचं नाही. आपोआप पडेल तेव्हा पडेल. आपण पुन्हा विचारू." आणि केळींकडं तोंड करून, मंत्रात नाही, साध्या घरच्या बोलीत, ते मोठ्यानं म्हणाले, "पोरी, चूक आमची. रागावू नकोस. कुठं आहेस ते सांग."

दुसरी मूठ त्यांनी उरलेल्या सहा केळींवर टाकली. काही झालं नाही. धूर सरळ उभा होता. बायकांनी श्वास रोखला होता तो हळूहळू सोडला. तिसरी मूठ. सहाही केळी रंगवलेल्या चित्रासारख्या. हयात सिंहनं मोबाइल काढून वेळ पाहिली: चार बावन्न. मघापर्यंत खिमुलीला आपली केळ जावी एवढंच हवं होतं. आता तिला कुणाचीही केळ गेली तरी चालणार होतं. भागाची, कुणाचीही. फक्त गावावर देवी रुसू नये. ती हात जोडून उभी राहिली आणि तिच्या ओठांवर एकच शब्द होता: ये.

लोहनींनी चौथी मूठ घेतली. ती टाकण्यासाठी हात उचलला आणि तसाच धरला.

गडग्याला लागून, भागाच्या बाजूला, एक केळ होती. कोवळी, सडपातळ, पुरुषभर उंच. कमिटीच्या माणसांनी तिच्याकडं पाहिलंही नव्हतं. तिला धागा नव्हता. तिच्यावर अजून तांदळाचा एक दाणा पडला नव्हता. तिच्या शेंड्यातला पोगा, अजून न उलगडलेला, पोपटी, उभा, हलकेच एका बाजूला झुकला. मग दुसऱ्या बाजूला. मग पानं, एकामागून एक, खालपर्यंत. आणि मग अख्खी केळ मुळापासून थरथरली आणि थरथरत राहिली. मधली केळ एकदाच हलली होती. ही थांबेना. गडग्यावरचा एक सुटा दगड कडकड वाजला आणि खाली घसरला. दहा हातांवर उदबत्तीचा धूर जागचा हलला नव्हता. लोकांनी तो पाहिला, केळीकडं पाहिलं, पुन्हा धुराकडं पाहिलं. भागाच्या मधल्या लेकीनं आईचा दंड घट्ट धरला. एक कडेवरचं पोर हसलं, आणि त्या शांततेत ते हसू फार मोठं ऐकू आलं.

किती वेळ, यावर नंतर एकमत झालं नाही. हयात सिंह म्हणतो, बारा-पंधरा सेकंद. म्हातारी म्हणते, एक अख्खी माळ झाली असती. हयात सिंह रानीखेतच्या कॉलेजात विज्ञान शिकला आहे. केळ थांबल्यावर तो गडगा ओलांडून गेला, बुंध्याभोवती फिरला, माती दाबून पाहिली, पानांखाली वाकून पाहिलं. ना उंदराचं बीळ, ना खार, ना साप. तो परत आला आणि त्यानं चपला काढून ठेवल्या.

"हिला धागा नव्हता," कुणीतरी म्हणालं.

"धागे आपण बांधले होते," लोहनी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा लावला. "चाळीस वर्षांत मी हे असं पाहिलं नाही." मग मनगटावरचा लाल धागा सोडून त्यांनी त्या केळीला बांधला आणि धरून ठेवलेली मूठ तिच्यावर सोडली. आता ढोल वाजला.

पुढचं सोपं झालं. सुनंदा भागाच्या तीनपैकी एक निघाली, तिसरी आणि चौथी खिमुलीच्या कडेच्या दोन. पाचच्या ठोक्याला आवतण पुरं झालं आणि हयात सिंहनं कमिटीला द्यायच्या कागदावर नावं लिहायला घेतली. पहिल्याच ओळीवर पेन थांबलं.

"नंदा कुणाच्या घरची लिहू?"

प्रश्न वाटतो तेवढा सरळ नव्हता. केळ उभी भागाच्या जमिनीत. पण केळ बी पडून उगवत नाही. तो कोंब खिमुलीच्या गड्ड्याचा, गडग्याखालून पलीकडं गेलेला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. दगडांच्या फटीतून गड्डा स्पष्ट दिसत होता, अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

"जमीन भागाची. भागाच्या घरची लिही," खिमुली म्हणाली. तिनं ते अडखळत म्हटलं नाही. "मी आज काही मागायच्या लायकीची नाही."

"लिहून टाक," एक-दोघं म्हणाले. लोहनी भागाकडं बघत होते.

भागानं आपल्या तिन्ही लेकींकडं पाहिलं. मग गडग्यावरून घसरलेला तो दगड उचलला आणि परत जागेवर ठेवायच्या ऐवजी बाजूला टाकला.

"तीन पाठवल्यात मी," ती म्हणाली. "दरवेळी आठ दिवस जेवण जात नाही. मला चौथी पाठवायची हौस नाही. गड्डा हिचा आहे, पाठवणी हिनं करायची. उंबरा हिचा."

"भागा," खिमुली म्हणाली.

"पण दही माझ्या घरचं. तुमचं दही आंबट असतं, दिदी. देवी पुन्हा यायची नाही."

बायका हसल्या. खिमुलीला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिनं कनवटीचा रुमाल काढून कपाळावरचं पाणी पुसलं आणि विचारलं, "किती दही लागतं?"

"एवढं विचारायला एकसष्ट वर्षं लावलीत," भागा म्हणाली. "पाव शेर. आणि पिठ्या भिजवताना लिंबू पिळा, नाहीतर रंग धरत नाही. रडायचं शेवटी, आधी नाही. आधी रडलं की हात थरथरतो आणि पिठ्या वाकडा जातो."

हयात सिंहनं कागदावर दोघींची नावं लिहिली, वर खिमुलीचं, खाली भागाचं. कमिटीच्या कागदात एकच नाव लिहायची जागा आहे, म्हणून दुसरं समासात गेलं.

मंडळी निघाली तेव्हा कुणी सांगितलं नसताना बायका एकेक करून मधल्या केळीपाशी थांबल्या. धागा नसलेली, व्यालेली, नाकारलेली केळ. प्रत्येकीनं चिमूटभर तांदूळ तिच्या बुंध्याशी ठेवले. शेवटी खिमुली गेली. तिनं काही ठेवलं नाही. लोहनींनी ठेवला होता तसा तळवा खोडावर टेकवला. सोपट गार होतं आणि आत खोल कुठंतरी पाणी चढत असल्यासारखं वाटलं, किंवा तिच्याच हाताची नाडी असेल. तिनं हात चटकन काढला नाही.

संध्याकाळी तिनं उंबरा गेरूनं सारवला आणि तांदळाच्या पिठानं त्यावर ऐपणची पांढरी नक्षी काढली. पलटणीतल्या मुलाचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं, कोयत्यासकट. "इजा," तो म्हणाला, आईला तो अशीच हाक मारतो, "खरंच हलली?"

"हलली," ती म्हणाली, आणि नेहमीप्रमाणं पुढं काही बोलली नाही.

लोहनींनी कापणीची वेळ सांगून ठेवली आहे: सप्तमीला सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. पाट, पिठ्या आणि दही त्याआधी उंबऱ्यात मांडून तयार हवं. खोडं नेणारी पिकअप सात वाजता मोटाररस्त्याच्या वळणावर उभी राहील. तिच्यात बाराजणांना जागा आहे. बाकीच्यांसाठी अल्मोड्याची बस पावणेआठला आहे.